चार जागांच्या संगणकांवर एका जागेवरून देखरेख : घंटा गप्प राहिली तर काय?

पूर्वी एखाद्या व्यापाऱ्याची दोन-तीन दुकाने असली की संध्याकाळी प्रत्येक दुकानाची वही आणि गल्ला मुख्य पेढीवर येत असे. वही आली नाही तर शेठ माणूस पाठवून चौकशी करीत. आज त्या वहीची जागा संगणकाने घेतली आहे. दुकानाची बिले, गोदामातील मालाची नोंद, कारखान्यातील मजुरीचा हिशेब हे सर्व त्या त्या जागेवरील एका मुख्य संगणकात साठवलेले असते आणि बाकीचे संगणक त्याच्याकडून माहिती घेऊन काम करतात. या मुख्य संगणकालाच सर्व्हर म्हणतात. तो बंद पडला की त्या जागेवरचे बाकीचे संगणक असून नसल्यासारखे होतात.

वही आली नाही हे शेठना संध्याकाळपर्यंत तरी कळत असे. सर्व्हर बिघडल्याचे मात्र मालकाला पुष्कळदा गिऱ्हाईकाकडून कळते, नाहीतर माल भरून उभ्या असलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडून. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास माल विकताना ई-इन्व्हॉइस करणे बंधनकारक झाले आहे. त्याचा क्रमांक सरकारी पोर्टलवरून इंटरनेटमार्फत मिळतो. म्हणजे माल तयार आहे, गाडी तयार आहे, पण सर्व्हर किंवा इंटरनेटची लाइन बंद असेल तर कायदेशीर बिल होत नाही आणि गाडी जागची हलत नाही. याहून वाईट प्रकार बॅकअपचा, म्हणजे हिशेबाच्या नकलेचा. नक्कल काढण्याचे काम चार महिन्यांपासून बंद पडलेले असते आणि हे समजते ते डिस्क जळाल्यावर.

यावर उपाय म्हणून सर्व ठिकाणच्या सर्व्हरवर एका जागेवरून लक्ष ठेवणारी यंत्रणा उभी करता येते. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर महाग नाही, किंबहुना त्यातील काही उत्तम सॉफ्टवेअर मोफत मिळते. अमेरिकेतील इथन गॅलस्टॅड यांनी १९९९ मध्ये सुरू केलेले नॅगिऑस आणि लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी तयार केलेले, २००१ पासून उपलब्ध असलेले झॅबिक्स ही दोन नावे जगभर प्रचलित आहेत. मोठमोठ्या कंपन्या वापरतात तीच साधने छोटा व्यापारीही वापरू शकतो. अडचण सॉफ्टवेअरची नाही, ते कोठे व कसे बसवायचे याची आहे. हा लेख तंत्रज्ञासाठी नसून तंत्रज्ञाकडून काम करून घेणाऱ्या मालकासाठी आहे. मालकाने कोणते प्रश्न विचारावेत हे समजण्यासाठी प्रथम एक घडलेली घटना पाहू. ती विजेच्या कंपनीची आहे, पण एका खोलीत बसून दूरदूरच्या शेकडो जागांवर नजर ठेवण्याचे काम हेच त्या कंपनीचेही काम होते.

ओहायोतील ती दुपार

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी ही वीज कंपनी आहे. तिच्या नियंत्रण कक्षात संगणकाच्या पडद्यावर साऱ्या वीजवाहिन्यांची स्थिती दिसत असे आणि कोठे काही बिघडले की इशाऱ्याची घंटा वाजत असे. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनंतर घंटा वाजविणारा हा भाग बंद पडला. तो बंद पडल्याचे सांगणारी दुसरी कोणतीही घंटा नव्हती. पडद्यापुढे बसलेल्या माणसांना एवढेच दिसत होते की नवा इशारा नाही, अर्थात सर्व ठीक आहे.

२ वाजून ३२ मिनिटांनी शेजारच्या वीज कंपनीतून फोन आला की आपल्या सामाईक वाहिनीत बिघाड होऊन ती क्षणभर बंद पडली होती. फर्स्टएनर्जीच्या पडद्यावर त्याचा मागमूस नव्हता. २ वाजून ४१ मिनिटांनी ज्या सर्व्हरवर ही घंटा चालत होती तो सर्व्हरच कोसळला. त्याच्या जोडीला राखीव सर्व्हर होता आणि त्याने ठरल्याप्रमाणे काम हाती घेतले, पण अडकलेला घंटेचा भागही जसाच्या तसा त्याच्याकडे आला आणि २ वाजून ५४ मिनिटांनी तोही बसला. सर्व्हर पडल्याची सूचना संगणक विभागाला आपोआप गेली होती. त्या लोकांनी सर्व्हर पुन्हा चालू केला, ३ वाजून ८ मिनिटांनी तो सुरूही झाला. घंटा वाजते आहे का, हे मात्र त्यांनी नियंत्रण कक्षात कोणाला विचारले नाही, आणि ती इतका वेळ बंद होती हेही सांगितले नाही.

मधल्या काळात ३ वाजून ५ मिनिटांनी एक मोठी वाहिनी झाडाला टेकून बंद पडली. ३.३२ ला दुसरी, ३.४१ ला तिसरी. प्रत्येक वेळी उरलेल्या वाहिन्यांवर बोजा वाढत गेला. ४ वाजून ५ मिनिटांनंतर सर्व काही पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळले आणि अमेरिकेची आठ राज्ये व कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. पहिली वाहिनी गेली त्याच वेळी कळले असते तर काही भागाचा पुरवठा थोडा कमी करून बाकीचे वाचवता आले असते, असे दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी समितीच्या एप्रिल २००४ च्या अहवालावरून दिसते.

या कंपनीवर बाहेरून नजर ठेवणारी आणखी एक संस्था होती. शेजारच्या इंडियाना राज्यातील तिच्या कक्षात सर्व कंपन्यांच्या वाहिन्यांचा हिशेब दर पाच मिनिटांनी आपोआप करणारे सॉफ्टवेअर होते. त्या दिवशी दुपारी त्याचे उत्तर चुकू लागले म्हणून तेथील तंत्रज्ञाने आपोआप चालणे थांबवून दुरुस्ती केली. दुरुस्ती झाली, पण आपोआप चालण्याची कळ पुन्हा दाबायची राहून गेली आणि तो जेवायला गेला. म्हणजे घरचा रखवालदार बेशुद्ध आणि बाहेरचा डोळे बांधून बसलेला, अशी अवस्था झाली.

मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये खोलवर होता आणि तो सापडण्यास कित्येक आठवडे लागले. असा दोष कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये असू शकतो, त्याबद्दल कोणाला फार बोल लावता येणार नाही. आश्चर्य याचे वाटते की इतक्या मोठ्या यंत्रणेत ‘घंटा चालू आहे ना?’ हे विचारणारे कोणीच नेमलेले नव्हते.

असाच प्रकार लहान प्रमाणावर ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत घडला. एका तंत्रज्ञाने चुकून चालू सर्व्हरवरील माहितीचा साठा पुसला. नक्कल शोधू लागले तेव्हा समजले की रोजची नक्कल निघतच नव्हती, कारण नक्कल काढणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती जुनी होती. नक्कल फसल्याची ई-मेल दर वेळी निघत होती. परंतु त्या ई-मेलवर आवश्यक ती ओळखीची खूण नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ती नाकारत होता. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. एका तंत्रज्ञाने योगायोगाने काही तास आधी दुसऱ्या कामासाठी नक्कल काढून ठेवली होती म्हणून नुकसान तेवढ्यावर थांबले.

जागेवरचा मुनीम

आता आपल्या व्यापाराकडे येऊ. समजा, एका व्यापाऱ्याचे भिवंडीत गोदाम आहे, मालेगावात कारखाना आहे आणि पुणे व औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे दुकाने आहेत. चारही जागी एकेक सर्व्हर आहे. सर्वांत सोपी वाटणारी रचना अशी की पुण्याच्या मुख्य दुकानात एक संगणक ठेवावा आणि त्याने दर मिनिटाला बाकी तिघांना हाक मारून ‘आहेस का?’ असे विचारावे. बहुतेक ठिकाणी हेच केलेले असते आणि त्यात तीन उणिवा राहतात.

पहिली उणीव हाकेची. सर्व्हरने हाकेला ‘ओ’ दिली म्हणजे त्याची वीज चालू आहे आणि तार जोडलेली आहे, एवढेच सिद्ध होते. बिले करणारे सॉफ्टवेअर अडकून पडले असले तरी तो ‘ओ’ देतच राहतो. म्हणून प्रत्यक्ष काम तपासावे. दुकानासाठी सर्वांत बोलका आकडा म्हणजे ‘शेवटचे बिल किती वाजता झाले’. बाजाराच्या वेळेत अर्धा तास एकही बिल झाले नाही तर काहीतरी गडबड आहे, मग ती सर्व्हरची असो, प्रिंटरची असो की नोकराची. अर्थात दुकान बंद असण्याच्या वेळा यंत्रणेला आधी सांगून ठेवाव्या लागतात. जुम्याच्या नमाजसाठी दुकान बंद असते त्या वेळी दर शुक्रवारी घंटा वाजू लागली तर महिन्याभरात कोणीही तिच्याकडे लक्ष देणार नाही. बिलांखेरीज डिस्कमध्ये किती जागा उरली, यूपीएसच्या बॅटरीची स्थिती काय, सर्व्हरच्या खोलीचे तापमान किती आणि शेवटची पूर्ण नक्कल केव्हा निघाली, एवढे पाहिले तरी पुरे. नक्कल ‘निघाली’ असे सॉफ्टवेअर म्हणते म्हणून विश्वास ठेवू नये. त्या फाइलची तारीख आणि आकार पाहावा. काल ४ जीबी असलेली फाइल आज ४ केबी झाली असेल तर ती नक्कल नव्हे.

दुसरी उणीव लाइनची. पुणे आणि मालेगाव यांच्यामधील इंटरनेट बंद पडले की पुण्याच्या संगणकाला मालेगावचे सारेच बंद दिसते आणि त्या काळात तेथे खरोखर काय झाले याची नोंद कोठेच राहत नाही. यासाठी प्रत्येक जागेवर एक छोटा स्वतंत्र संगणक ठेवावा. जुना पीसी चालतो किंवा हातात मावणारा रास्पबेरी पाय चालतो, फक्त त्यात मेमरी कार्डाऐवजी एसएसडी वापरावी, कारण सतत लिहिण्याने कार्ड लवकर खराब होते. हा जागेवरचा मुनीम समजा. तो तेथील सर्व्हरची तपासणी करतो, स्वतःजवळ नोंद ठेवतो आणि केंद्राला पाठवतो. लाइन गेली तर नोंदी साठवून ठेवतो आणि लाइन आली की एकदम पाठवतो. झॅबिक्समध्ये या मुनिमाला प्रॉक्सी म्हणतात. मुळात हा प्रॉक्सी एक तासाचाच साठा ठेवण्यास सांगितलेला असतो. आपल्याकडे लाइन तासाभरात दुरुस्त होईल असे धरून चालणे धाडसाचे आहे. हा काळ ७२० तासांपर्यंत, म्हणजे महिन्यापर्यंत वाढवता येतो, तेव्हा तो निदान दोन-तीन दिवसांचा करून घ्यावा.

मुनिमाने केंद्राला फोन करावा, केंद्राने मुनिमाला नव्हे, अशी मांडणी आपल्याकडे सोयीची पडते. दुकानांच्या साध्या इंटरनेट जोडणीला बाहेरून पोहोचण्याजोगा कायमचा पत्ता बहुधा नसतो. शिवाय बाहेरून आत येण्याची वाट उघडीच ठेवली नाही तर चोरालाही ती सापडत नाही.

येथे एक गोष्ट पुष्कळदा राहून जाते. सर्व्हर यूपीएसवर असतो आणि इंटरनेटचा राउटर साध्या प्लगवर. वीज जाताच सर्व्हर चालू राहतो पण तो काही सांगू शकत नाही. राउटर आणि मुनीम दोघांनाही यूपीएसवर घ्यावे. दुसरी लाइन घ्यायची तर वेगळ्या कंपनीची आणि वेगळ्या प्रकारची घ्यावी, उदाहरणार्थ एक फायबर आणि एक मोबाइल सिम. दोन कंपन्यांची फायबर घेतली आणि दोन्ही तारा एकाच खांबावरून आल्या तर एकाच जेसीबीने दोन्ही तुटतात.

केंद्र कोठे असावे

तिसरी उणीव सर्वांत मोठी, आणि ओहायोतील गोष्ट तिच्याचसाठी सांगितली. पुण्याच्या मुख्य दुकानातच केंद्र ठेवले तर पुण्याची वीज गेली, लाइन गेली किंवा दुकानाला आग लागली की त्याच क्षणी रखवालदारही जातो. चारही जागा एकदम अंधारात, आणि घंटा मात्र शांत.

अशी चूक मोठमोठ्या कंपन्यांनीही केलेली आहे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या संगणक सेवेतील माहिती साठवण्याचा विभाग एका चुकीच्या आज्ञेमुळे काही तास बंद पडला. ‘आमची कोणती सेवा चालू आणि कोणती बंद’ हे ग्राहकांना सांगणारा अमेझॉनचा फलकही त्याच विभागावर अवलंबून होता, त्यामुळे त्यावर बराच वेळ नवी स्थिती दाखवताच येईना. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद होते, हे पुष्कळांना आठवत असेल. फेसबुक कंपनीचे अंतर्गत जाळे दुरुस्तीच्या एका आज्ञेने तुटले होते, आणि बिघाड शोधण्याची तंत्रज्ञांची स्वतःची साधनेही त्याच जाळ्यावर चालत असल्यामुळे तीही बंद पडली. शेवटी माणसे प्रत्यक्ष सर्व्हरच्या इमारतीत पाठवावी लागली.

म्हणून केंद्र आपल्या चारही जागांच्या बाहेर असावे. एखाद्या कंपनीकडे भाड्याने छोटा सर्व्हर घ्यावा. चार जागांसाठी लागणाऱ्या अशा सर्व्हरचे भाडे दुकानाच्या वीजबिलापुढे किरकोळ असते. पण भाड्याची इमारतही जळू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची सर्व्हरची एक संपूर्ण इमारत आगीत गेली, आणि ज्या ग्राहकांनी मूळ माहिती व नक्कल दोन्ही त्याच आवारात ठेवली होती त्यांना दोन्ही गमवावे लागले. तेव्हा केंद्रातील नोंदींची नक्कल रोज दुसरीकडे, आपल्याच एखाद्या दुकानात आणून ठेवली तरी चालते.

दोन केंद्रे ठेवावीत काय, असे काही तंत्रज्ञ विचारतील. माझ्या मते चार-पाच जागांच्या व्यापाऱ्याने त्या भानगडीत पडू नये. ओहायोत राखीव सर्व्हर होताच, त्याने तोच रोग उचलला. दुसऱ्या केंद्रापेक्षा पहिल्या केंद्रावर नजर ठेवणारा एक वेगळा, अगदी साधा रखवालदार अधिक उपयोगी पडतो.

गप्प बसणे हाच इशारा

हा साधा रखवालदार कसा चालतो ते पाहा. केंद्राने दर पाच मिनिटांनी त्याला ‘मी जागा आहे’ एवढाच निरोप पाठवायचा. निरोप येत आहे तोवर रखवालदार काही करत नाही. पंधरा मिनिटे निरोप आला नाही की तो मालकाला कळवतो. म्हणजे घंटेचा नियम उलटा झाला. नेहमीची घंटा वाजली तर संकट, इथे निरोप थांबला तर संकट. जुन्या काळी रात्रीचा पहारेकरी दर तासाला हाळी देत असे आणि हाळी ऐकू आली नाही की लोक उठून पाहत, तीच ही पद्धत. आगगाडीच्या इंजिनातही चालकाचा हात किंवा पाय ठरावीक कळीवरून सुटला की गाडी आपोआप थांबवणारी योजना असते. प्रॉमिथिअस या, साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेल्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरसोबत यासाठी मुद्दाम एक सतत वाजणारी घंटा वापरतात. ती थांबली की समजावे, यंत्रणाच झोपली.

हा रखवालदार केंद्राहून वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवर असावा आणि त्याचा निरोप वेगळ्या वाटेने जावा, नाहीतर फायदा नाही. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या आहेत, थोड्या तपासण्यांसाठी त्या पैसेही घेत नाहीत. त्यांच्यावर सोपवायचे नसेल तर औरंगाबादच्या दुकानातील मुनिमालाच हे जास्तीचे काम द्यावे. त्यासाठी विशेष सॉफ्टवेअर लागत नाही, पंचवीस-तीस ओळींचा प्रोग्राम पुरतो.

हाच नियम चारही जागांना लावावा. मुनिमाकडून काही मिनिटे नोंद आली नाही तर ‘माहिती नाही’ असे केंद्राने दाखवावे. काही सॉफ्टवेअर शेवटची मिळालेली चांगली स्थितीच हिरव्या रंगात दाखवत राहते. मालकाने तंत्रज्ञाला हा प्रश्न जरूर विचारावा : माहिती येणे बंद झाले तर पडदा हिरवाच राहतो का?

इशारा कोणत्या वाटेने यावा

इशारा व्हॉट्सअ‍ॅपवर यावा असे बहुतेकांना वाटते. तो यावा, पण केवळ तेथे नव्हे. २०२१ च्या त्या रात्री ज्यांचे सर्व इशारे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर येत होते त्यांच्यापर्यंत सहा तास काहीच पोहोचले नसते. ई-मेलची कथा वर सांगितलीच आहे. इंटरनेटवर अवलंबून नसलेली एक वाट हवी. त्यासाठी सिम घातलेला छोटा मोडेम मुनिमाला जोडावा, तो थेट एसएमएस पाठवतो. एसएमएस पाठविणाऱ्या कंपनीमार्फत हे काम करायचे तर डीएलटी नोंदणी वगैरे सोपस्कार आहेत. चार माणसांना स्वतःच्या सिमवरून निरोप पाठवायला त्याची जरुरी नाही. मात्र स्वस्तातले मोडेम फक्त टूजीवर चालतात आणि जिओचे टूजी जाळे नाही, तेव्हा सिम घेताना मोडेम पाहून घ्यावे. आणि त्या सिमचा रिचार्ज कोणी करायचा हे नाव घेऊन ठरवावे. मोडेम नीट, सॉफ्टवेअर नीट आणि रिचार्ज संपलेला, असा प्रकार नेमका गरजेच्या दिवशी उघडकीस येतो.

इशारा कोणाला जावा? एकाच वेळी दहा जणांना पाठवला तर प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहील. प्रथम एकाला जावा. त्याने पंधरा मिनिटांत ‘मी पाहतो’ असे कळवले नाही तर दुसऱ्याला, मग मालकाला. संगणक विभागाला इशारा गेला आणि काउंटरवरील माणसाला पत्ताच नाही, असे ओहायोत झाले. म्हणून बिघाड दुरुस्त झाल्यावर जागेवरच्या माणसाला विचारून, ‘तुझे बिल निघाले का?’ याचे उत्तर आल्याशिवाय तक्रार बंद करू नये.

खोट्या घंटा आवराव्या लागतात. एका हाकेला उत्तर आले नाही म्हणून लगेच घंटा वाजवू नये, लागोपाठ तीन वेळा उत्तर नसेल तर वाजवावी. मालेगावची लाइन गेली तर तेथील सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे मिळून वीस इशारे येऊ नयेत, ‘मालेगावची लाइन बंद’ असा एकच यावा. हे सर्व सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येते, ते बसवताना तंत्रज्ञ कंटाळा करतात एवढेच. दुरुस्तीच्या वेळी घंटा बंद ठेवावी लागली तर ती ठरावीक वेळेने आपोआप चालू झालीच पाहिजे. इंडियानातील तो तंत्रज्ञ निष्काळजी नव्हता, त्याने दुरुस्ती नीट केली होती. माणूस विसरतो, म्हणून कळ पुन्हा दाबण्याचे काम माणसावर ठेवू नये.

सर्व संगणकांची घड्याळे एक असावीत. गोदामाचे घड्याळ सात मिनिटे पुढे असेल तर आधी लाइन गेली की आधी सर्व्हर बसला हे नोंदींवरून सांगता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशातही घड्याळे सरकारी वेळेशी जुळवून ठेवणे आणि संगणकाच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे सांगितले आहे. आपल्या पेढीला त्यातील काय लागू होते ते आपल्या सल्लागाराकडून समजून घ्यावे.

किल्ल्यांचा जुडगा

केंद्राला सर्व जागांची माहिती मिळते म्हणून ते चोराच्याही आवडीचे ठिकाण आहे. अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीचे ओरायन हे सॉफ्टवेअर अशाच देखरेखीसाठी वापरले जाते. त्याच्या अधिकृत अपडेटमध्येच घुसखोरांनी आपला प्रोग्राम मिसळल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघड झाले, आणि तो अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचला होता, त्यात अमेरिकी सरकारची खातीही होती. त्यामुळे केंद्राला प्रत्येक सर्व्हरवर केवळ पाहण्याचा अधिकार द्यावा, बदलण्याचा नव्हे. शेवटचे बिल केव्हा झाले हे पाहण्यासाठी हिशेबाच्या साठ्याचा मुख्य पासवर्ड लागत नाही. तंत्रज्ञ ‘सोयीसाठी’ तोच मागत असेल तर नकार द्यावा. केंद्राचा पडदाही इंटरनेटवर सर्वांना उघडा ठेवू नये. आणि तंत्रज्ञ काम सोडून गेला तर किल्ल्या कोणाकडे, हे कागदावर लिहून तो कागद तिजोरीत ठेवावा.

तार काढून पाहा

यंत्रणा बसवून झाली, पडद्यावर सर्व हिरवे दिसू लागले की तंत्रज्ञ बिल देतो. ते चुकते करण्यापूर्वी मालकाने स्वतः चार प्रयोग करावेत. गोदामाच्या राउटरची तार काढावी. बिले करणारे सॉफ्टवेअर बंद करून सर्व्हर चालूच ठेवावा. नक्कलेच्या फाइलचे नाव बदलून टाकावे. आणि शेवटी, कोणालाही न सांगता, केंद्रच बंद करावे. प्रत्येक वेळी घड्याळ लावून पाहावे की कोणाचा फोन किती मिनिटांत वाजतो. पहिले तीन प्रयोग बहुधा पार पडतात. चौथ्या वेळी फोन वाजला नाही तर काम अपुरे आहे असे तंत्रज्ञाला स्पष्ट सांगावे.

हे प्रयोग दर तीन महिन्यांनी पुन्हा करावेत, कारण मधल्या काळात सिम बदलते, नोकर बदलतो, पासवर्ड बदलतो. रमजानच्या किंवा दिवाळीच्या बाजाराच्या आधी महिनाभर एक फेरी अवश्य करावी, म्हणजे काही उणीव सापडली तर दुरुस्त करायला वेळ मिळेल. दिवस साधा निवडावा, वेळ दुपारची, आणि त्या दोन तासांसाठी काउंटरवर हाताने बिल लिहिण्याचे छापील पुस्तक ठेवलेले असावे.